तोतया आणि त्याची फिर्याद

‘तोतया’ हा शब्द कानीं पडतांच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें पानिपतचें रण आणि त्यांत दिसेनासे झालेले सदाशिवरावभाऊ उभे राहतात. हा शब्द आतां बखरींतून व जुन्या नाटकांतून उरला आहे, व्यवहारांत त्याचें काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. ‘डीपफेक’ या परकी नांवानें जें नवें अरिष्ट २०१७ सालापासून जगांत वावरूं लागलें, त्यास मराठींत दुसरें नांव शोधण्याचें कारण नाहीं. जिवंत माणसाचा चेहरा त्याच्या संमतीवांचून उचलावयाचा, तो दुसऱ्याच्या देहावर चढवावयाचा, आणि तें सोंग खरें म्हणून लोकांत सोडावयाचें, हें तोतयाचेंच काम होय. फरक इतकाच, कीं जुना तोतया स्वतःच्या पायांनीं चालत येई आणि पकडला गेला म्हणजे त्याचा शेवट होई. नवा तोतया एकाच वेळीं हजार ठिकाणीं जन्मतो, आणि एका ठिकाणीं मारिला तरी दुसऱ्या ठिकाणीं जिवंत राहतो.

या नव्या तोतयांपैकीं सर्वांत हीन प्रकार कोणता, हें सांगावयास नको. सभ्य घरांतील स्त्रीचा चेहरा अश्लील चित्रास जोडून तें चित्र ‘फाईल-शेअरिंग’च्या एखाद्या कोठारांत ठेवावयाचें आणि त्याचा दुवा हातोहात पसरावयाचा, असा हा प्रकार आहे. त्याविरुद्ध फिर्याद कोणाकडे करावयाची, ती कोणीं ऐकावयाची, आणि किती वेळांत दाद लागावयाची, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आपल्या समाजानें कसकशीं शोधलीं, याचा थोडक्यांत इतिहास येथें मांडावयाचा आहे.

१

आरंभ जुन्या तोतयापासूनच केला पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर भाऊसाहेब पडले. परंतु ते पडले याविषयीं पुण्यास सर्वांची खात्री पटेना. संशयाची ही फट तोतयास पुरेशी झाली. कनोजकडील सुखलाल नांवाचा एक ब्राह्मण उत्तरेंत भाऊसाहेब म्हणून प्रकट झाला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत तो खोटा ठरला व किल्ल्यांवर कैदेंत पडला. फिरत फिरत अखेर रत्नागिरीस आला. पुढें १७७६ सालीं तेथील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यानें त्यास बाहेर काढून त्याच्या नांवानें बंड उभारलें. कोंकणांतील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हातीं गेले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनीं त्याचा मोड केला. समुद्रमार्गें निसटूं पाहत असतां कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यानें त्यास धरिलें. पुण्यास चौकशी झाली, आणि डिसेंबर १७७६ मध्यें त्यास देहान्त शासन मिळालें.

या कथेंतून तीन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं तोतया केवळ चेहऱ्याच्या साम्यावर जगत नाहीं. ज्यांस तो खरा असावा असें मनांतून वाटतें, त्यांच्या जिवावर तो जगतो. नाना फडणीसांचा कारभार ज्यांच्या डोळ्यांत सलत होता, त्यांस तोतया सोयीचा होता. दुसरी गोष्ट ही, कीं एकदां खोटें ठरलेलें खोटें तेवढ्यानें मरत नाहीं. पहिल्या चौकशींत तो उघडा पडला होता. तरी कैदेच्या कोठडींतून बाहेर येतांच जणूं कांहीं झालेंच नव्हतें अशा थाटांत त्याच्याभोंवतीं फौज जमली. कोठारांतून काढून टाकिलेलें चित्र दुसऱ्या नांवानें दुसऱ्या कोठारांत पुन्हां दिसूं लागतें, तेव्हां ज्यास आश्चर्य वाटतें त्यानें रत्नागिरीचा हा प्रसंग आठवावा.

तिसरी गोष्ट मात्र इतिहासकारांनीं बहुधा एका वाक्यांत उरकली आहे. भाऊसाहेबांची पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपताहून परत आली होती. पति गेला हें तिनें अखेरपर्यंत मानिलें नाहीं. कुंकू पुसलें नाहीं. १७८३ सालीं ती वारली तेव्हांपर्यंत तिचा हा निश्चय टिकला. आतां विचार करा: बाहेर दिवाणांत व बाजारांत जो प्रश्न राजकारणाचा होता, तो या बाईच्या घरांत कसला होता? तोतयानें फसविलें पेशव्यांच्या दौलतीस, पण ज्या नात्याचें त्यानें सोंग घेतलें तें नातें तिचें होतें. तिच्या संसाराची चर्चा चव्हाट्यावर झाली, आणि त्या चर्चेची परवानगी तिला कोणीं विचारिली नव्हती. तोतयाच्या प्रत्येक कथेंत अशी एक व्यक्ति असते. चौकशी संपते, शिक्षा होते, आणि तिचें काय झालें हें विचारावयाचें राहून जातें.

त्याच काळांतली दुसरी एक आख्यायिका प्रसिद्धच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा वध झाला. ‘धरावें’ या शब्दांतील एक अक्षर बदलून ‘मारावें’ केलें गेलें, म्हणून ‘ध चा मा करणें’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेंत रूढ झाला. ही गोष्ट आख्यायिकेपलीकडे सिद्ध झालेली नाहीं. तरी आनंदीबाईच्या माथीं ती कायमची बसली. खोटा लेख एका स्त्रीनें केला, या कथेवर सबंध महाराष्ट्रानें दोन शतकें पुराव्यावांचून विश्वास ठेविला! बदनामीस पुरावा लागत नाहीं, आणि बदनामी पुसावयास मात्र ढीगभर पुरावाहि पुरत नाहीं, हें यावरून दिसेल.

२

येथें एक शंका निघणें साहजिक आहे. दुसऱ्याचें रूप घेणें हेंच पाप असेल, तर मराठी रंगभूमीचें काय? बालगंधर्वांनीं स्त्रीरूप घेऊन एका पिढीच्या स्त्रियांस नेसण्यासंवरण्याचे धडे दिले. दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या ‘लंकादहन’ चित्रपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें रामाचीहि भूमिका केली आणि सीतेचीहि. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हांपासून एका काचेवरील आकृति दुसरीवर चढविण्याची करामतहि हळूहळू लोकांच्या परिचयाची झाली.

पण नाट्य आणि तोतयेगिरी यांमधील रेषा अगदीं स्पष्ट आहे. नाटकांत प्रेक्षकास ठाऊक असतें कीं हें सोंग आहे. नटास ठाऊक असतें कीं प्रेक्षकास हें ठाऊक आहे. आणि ज्या स्त्रीचें रूप घेतलें जातें ती शारदा किंवा सुभद्रा असते, शेजारच्या घरांत राहणारी कोणी मुलगी नव्हे. या तिहींपैकीं एकहि अट तोतया चित्रांत पाळली जात नाहीं. सोंग हा येथें अपराध नाहीं. संमतीवांचून दुसऱ्याचें तोंड वापरणें आणि त्यानें तिला उघड्यावर आणणें, हा अपराध आहे. म्हणून चित्र ‘खोटेंच तर आहे’ असें म्हणून हात झटकणारा मनुष्य मुद्दाच चुकतो. चित्र खोटें असतें. त्यामुळें होणारी अप्रतिष्ठा खरी असते.

३

आतां कायद्याकडे वळूं. १८६० च्या दंडसंहितेंत अब्रुनुकसानी होती, स्त्रीच्या विनयास धक्का देण्याविरुद्ध कलम होतें, आणि कोणाच्या लौकिकास हानि पोंचविण्याच्या हेतूनें बनावट दस्तऐवज करण्याचाहि अपराध होता. शिवाय १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचें नांव व छपाईचें ठिकाण घालणें सक्तीचें केलें. आपण ज्या ओळीकडे कधीं लक्ष देत नाहीं, ती ‘अमुक छापखान्यांत छापिलें’ ही ओळ म्हणजे फिर्यादीचा पत्ता होता. ज्याची बदनामी झाली त्यास कोणत्या दारावर थाप मारावयाची तें त्यावरून कळे.

संगणकाच्या जाळ्यांत ही ओळ नाहींशी झाली. फाईल ठेवणारा निनांवी, कोठार परदेशांतील कंपनीचें, वाचणारा तिसऱ्याच देशांत. कोठारवाला म्हणे, ‘आम्ही केवळ जागा देतों, आंत काय आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं.’ या उत्तरास किती किंमत द्यावी हा गेल्या २५ वर्षांचा मुख्य वाद आहे. १७ ऑक्टोबर २००० रोजीं माहिती तंत्रज्ञान कायदा अमलांत आला. २००४ सालीं दिल्लींतील शाळकरी मुलांची एक खासगी चित्रफीत ‘बाझी’ या विक्रीच्या संकेतस्थळावर विकावयास ठेविली गेली, आणि डिसेंबरांत त्या कंपनीच्या प्रमुखास अटक झाली. व्यापारी वर्ग हादरला. त्याचा परिणाम म्हणून २००८ च्या दुरुस्तीनें, जी २००९ च्या ऑक्टोबरांत अमलांत आली, मध्यस्थ कंपन्यांस संरक्षण मिळालें. मात्र मजकूर बेकायदा असल्याचें ‘कळल्यावर’ त्यांनीं तो काढलाच पाहिजे असें ठरलें. त्याच दुरुस्तीनें ‘६६-ई’ हें खासगी अंगाच्या छायाचित्राविषयींचें आणि ‘६७-ए’ हें लैंगिक चित्रणाविषयींचें कलम घातलें गेलें. पैकीं पहिलें कलम खऱ्या देहाचें चित्र डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलें आहे. तोतया चित्रांत देह तिचा नसतोच, म्हणून तें लावतांना अडचण पडते, हें ध्यानांत घ्यावें.

‘कळल्यावर’ या एका शब्दाचा अर्थ ठरण्यास कारण झालें महाराष्ट्रांतील पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयीं फेसबुकावर चार शब्द लिहिणाऱ्या एका तरुणीस, आणि त्यास पसंती दर्शविणाऱ्या तिच्या मैत्रिणीस, पोलिसांनीं अटक केली. या अन्यायावरून जें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें त्याचा निकाल २४ मार्च २०१५ रोजीं लागला. कलम ६६-अ रद्द झालें. आणि त्याबरोबरच न्यायालयानें सांगितलें कीं, कंपनीस ‘कळलें’ असें म्हणावयाचें तें न्यायालयाच्या हुकुमानें किंवा सरकारच्या सूचनेनेंच. कोणीहि उठून तक्रार केली कीं कंपनीनें भिऊन मजकूर काढावा, असें झालें तर बोलण्याचें स्वातंत्र्यच उरणार नाहीं, हा त्यामागील विचार योग्यच होता.

परंतु एका अन्यायाच्या औषधांतून दुसऱ्या दुखण्याची सोय कशी राहून जाते, त्याचें हें उदाहरण आहे. पालघरच्या मुलींस बोलूं देणें जितकें आवश्यक, तितकेंच ज्या मुलीचें तोंड चोरलें गेलें तिला तें परत मिळणें आवश्यक. पहिलीस संरक्षण हवें तें सरकारपासून. दुसरीस हवें तें निनांवी तोतयापासून. दुसरीनें प्रत्येक दुव्यासाठीं न्यायालयाचा हुकूम आणावा असें म्हणणें म्हणजे तिला दाद नाकारण्यासारखेंच आहे. कारण हुकूम येईपर्यंत फाईल गांवभर झालेली असते. ही उणीव २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनीं पुष्कळशी भरून काढली. स्वतः त्या व्यक्तीनें, किंवा तिच्या वतीनें दुसऱ्या कोणी, तक्रार केली असतां नग्न अथवा लैंगिक स्वरूपाचें चित्र, तसेंच कृत्रिम रीतीनें फेरफार केलेलें चित्र, २४ तासांच्या आंत दूर करण्याचें बंधन कंपन्यांवर आलें. न्यायालयाची पायरी चढावी लागत नाहीं, तक्रार पुरते. फेब्रुवारी २०२६ मध्यें नियमांत पुन्हां सुधारणा होऊन ही मुदत आणखी आखूड झाली, आणि कृत्रिम दृश्यांवर तशी खूण असण्याची सक्ती आली. अमेरिकेंतहि मे २०२५ मध्यें अशाच चित्रांसाठीं ४८ तासांची मुदत घालणारा कायदा झाला.

नियम झाला म्हणून तो पाळला जातोच असें नाहीं. १ जानेवारी २०२२ रोजीं, नववर्षाच्या सकाळीं, शेंकडों मुसलमान स्त्रियांस, ज्यांत पत्रकार व कार्यकर्त्या पुष्कळ होत्या, आपलीं छायाचित्रें ‘बुल्ली बाई’ नांवाच्या एका घाणेरड्या लिलावांत मांडलेलीं आढळलीं. हें सोंग गिटहब या संगणकीय आज्ञावलींच्या कोठारांत ठेवलें गेलें होतें. असाच प्रकार सहा महिन्यांपूर्वीं, जुलै २०२१ मध्यें, दुसऱ्या नांवानें झाला होता, आणि दिल्लीस त्याची फिर्याद नोंदलेली असूनहि महिनोन् महिने कोणास अटक झाली नव्हती. या खेपेस मुंबईच्या सायबर पोलिसांनीं गुन्हा नोंदवून थोड्याच दिवसांत बंगळूर व उत्तराखंड येथून आरोपी धरिले. मग दिल्लीच्या तपासासहि गति आली. रत्नागिरीच्या कैदेंतला तोतया जसा दुर्लक्षामुळें पुन्हां उभा राहिला, तसेंच हेंहि. पहिल्या फिर्यादीची हेळसांड ही दुसऱ्या अपराधाची प्रस्तावना असते.

४

या सर्व इतिहासाचा एक धागा खाडीपलीकडच्या नव्या मुंबईंतून जातो. मिठागरें, भातशेती आणि कोळीवाडे यांच्या जागेवर शहर वसविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनीं मांडली, आणि १७ मार्च १९७० रोजीं सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी ओसरावी म्हणून हें शहर काढलें. आज त्याच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यांत माणसांपेक्षां माहितीची गर्दी अधिक आहे: बिनखिडक्यांच्या थंडगार इमारतींत देशभरच्या फायली सांठविल्या जातात. त्याच महाप्यास महाराष्ट्र सायबर या सरकारी यंत्रणेचें मुख्यालय आहे. कोठार आणि कोतवाली अशीं जवळजवळ आलेलीं क्वचितच आढळतील.

या शहरांतील एखाद्या कारकुनाच्या मुलीवर हा प्रसंग आला तर तिनें काय करावें? नामवंतांची वाट निराळी. जानेवारी २०२४ मध्यें सचिन तेंडुलकर यांची तोतया चित्रफीत जाहिरातींत वापरली गेली, तेव्हां त्यांच्या एका निवेदनानें देश जागा झाला. आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्रानें नक्कल होऊं लागली, तेव्हां सप्टेंबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस तात्काळ संरक्षण दिलें. कारकुनाच्या मुलीपाशीं वकिलांची फौज नसते. तिचें शस्त्र एकच: वेळेवर व नेमकी केलेली तक्रार.

नेमकी म्हणजे कशी? प्रथम, फाईलचा संपूर्ण दुवा अक्षर न् अक्षर उतरून घ्यावा, तारीख व वेळ लिहावी आणि पडद्याचें चित्र पुराव्यासाठीं राखावें. कांहीं कोठारें अशीं आहेत कीं, आंतील मजकूर कुलूपबंद असून खुद्द कंपनीसहि तो दिसत नाहीं. पण दुव्याच्या शेवटच्या भागांतच त्या कुलपाची किल्ली असते. दुवा अर्धवट दिला तर कंपनी ‘आम्हांस कांहीं दिसत नाहीं’ असें उत्तर देईल, व तें खरेंहि असेल. मुलगी अज्ञान असेल तर मात्र चित्राची प्रत आपणहि ठेवूं नये, कारण बालकांचें असें चित्र बाळगणें हाच गुन्हा आहे. केवळ दुवा पोलिसांस द्यावा. कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे लिहितांना ‘हें चित्र माझें आहे, माझ्या संमतीवांचूनचें व कृत्रिम आहे’ एवढीं वाक्यें स्पष्ट असावीं. त्याचबरोबर २०१९ सालापासून चालूं असलेल्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलावर नोंद करावी. स्त्रिया व बालकांविरुद्धच्या अशा अपराधांची तक्रार तेथें नांव न देतांहि करतां येते. १९३० हा दूरध्वनि क्रमांकहि आहे.

राहतो तो पुनर्जन्माचा प्रश्न. एक दुवा मेला कीं दुसरा उगवतो. यावर शास्त्रज्ञांनीं योजिलेला उपाय मोठा मार्मिक आहे. प्रत्येक चित्रापासून गणितानें एक आंकड्यांचा ठसा काढतां येतो. ठशावरून चित्र परत घडवितां येत नाहीं, पण तेंच चित्र पुन्हां आलें तर ठसा जुळतो. २००९ सालीं मायक्रोसॉफ्टनें डार्टमथ येथील विद्वानांच्या साह्यानें बालकांच्या चित्रांसाठीं असें साधन केलें. चित्राचा आकार किंचित् बदलला तरी तें ओळखतें. डिसेंबर २०२१ पासून ‘स्टॉप-एनसीआयआय’ या सेवेनें प्रौढ स्त्रीपुरुषांसहि ही सोय दिली. चित्र स्वतःच्याच यंत्रांत राहतें, बाहेर जातो तो ठसा. ज्या कंपन्या या व्यवस्थेंत सामील आहेत त्यांच्यापुरतेंच तिचें बळ आहे, आणि लहानसहान कोठारें बहुधा बाहेरच राहतात, ही तिची मर्यादा. एप्रिल २०२३ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानेंहि हेंच तत्त्व सांगितलें: पीडित स्त्रीस प्रत्येक नव्या दुव्यासाठीं पुन्हां पुन्हां दारोदार हिंडावयास लावूं नये.

५

कायदा, ठसा, मुदत हीं सर्व साधनें झालीं. तीं चालूं होण्यास एकच गोष्ट लागते: तिनें घरांत तोंड उघडणें. आणि आमच्या सुशिक्षित मध्यमवर्गांत नेमकी तीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. मुलगी आईस सांगत नाहीं, आई वडिलांस सांगत नाहीं, वडील पोलिसांकडे जात नाहींत; आणि ज्या तासांत तक्रार व्हावयाची ते तास ‘लोक काय म्हणतील’ या विचारांत जातात. तोतयाचा खरा भरंवसा यंत्रावर नसून आमच्या या मौनावर असतो. ‘तूं असले फोटो ठेवलेसच कां?’ हा प्रश्न घरांत विचारला गेला कीं त्याचें काम आपणच पुरें करतों. तिनें लग्नसमारंभांतला साडीतला फोटो ठेविला होता. चोरीचा जाब घरधन्यानें कां द्यावा?

भाऊसाहेबांच्या तोतयाची चौकशी पुण्यांत झाली तेव्हां प्रश्न असा होता: ‘हा कोण?’ पार्वतीबाईस कोणीं जाब विचारिल्याचें इतिहास सांगत नाहीं. पेशवाईच्या त्या कठोर दिवसांतहि आरोपीच्या पिंजऱ्यांत तोतयाच उभा होता. अडीचशें वर्षांनंतर एखाद्या घरीं तोतया चित्र येऊन पोंचलें, तर त्या घरानें पहिला प्रश्न तोच विचारावा, ‘हें कोणीं केलें?’, आणि मुलीच्या शेजारीं बसून तक्रार लिहावयास घ्यावी.